पाहुणा, बंदूक आणि पहिले शील

गेल्या हिवाळ्यात माझ्या मामांच्या घरी दोन परदेशी पाहुणे आले. अजिंठ्याची लेणी पाहून ते जळगावकडे परतत होते. पहूरच्या पुढे त्यांची गाडी बंद पडली. रस्त्यालगतच्या घरावर पंचशील ध्वज दिसला म्हणून ते पाणी मागायला आत आले आणि मामांनी त्यांना जेवायलाच बसविले. मी सुटीत तिथेच होतो, त्यामुळे दुभाष्याचे काम माझ्याकडे आले.

मामा महार रेजिमेंटमधून हवालदार म्हणून निवृत्त झाले आहेत. भिंतीवरचा त्यांचा लष्करी वेषातील फोटो पाहून पाहुण्यांपैकी अमेरिकन गृहस्थाने बंदुकीचा विषय काढला. आपल्या घरी तीन बंदुका आहेत, लहानपणी वडिलांनी बदके मारायला शिकविले, असे तो सांगू लागला. हे ऐकताच मामांचा चेहरा फुलला. त्यांनी कपाटाचे कुलूप काढून आपली परवान्याची दुनळी बाहेर आणली, रिकामी असल्याची खात्री करून ती पाहुण्याच्या हाती दिली आणि मला म्हणाले, "मास्तर, सांग त्यांना. तुरीत तितर आहेत. एकदोन पाडून दाखवतो. त्यांनाही एक बार काढू दे. आपल्याही घरी बंदूक असते हे त्यांना कळू दे."

मामी चहा घेऊन दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "डुक्कर असतं तर गोष्ट वेगळी, कणसं तरी वाचली असती. तितरानं तुमचं काय खाल्लं?"

मामा गप्प झाले. बंदूक परत कपाटात गेली. परंतु त्या दिवशी ते दुखावले गेले, हे मला स्पष्ट दिसले. तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. रोज सकाळी पहिले शील घेणाऱ्या बौद्ध उपासकाने बंदूक बाळगावी काय? आणि पाहुण्याच्या करमणुकीसाठी ती चालवावी काय? हे दोन प्रश्न एक नाहीत. ते एकच समजल्यामुळे आपल्या पुष्कळ कुटुंबांत गोंधळ होतो.

आधी बंदूक बाळगण्याचा प्रश्न. मामांना ती एवढी प्रिय का, हे ज्याला इतिहास ठाऊक नाही त्याला समजणार नाही. चातुर्वर्ण्याने शूद्रातिशूद्रांच्या हातातून विद्या काढून घेतली, तसेच शस्त्रही काढून घेतले. या देशात खालच्या वर्गाने उठाव का केला नाही, याचे उत्तर देताना परमपूज्य बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिभेदाचे निर्मूलन' या ग्रंथात याच निःशस्त्रीकरणाकडे बोट दाखविले. कोरेगावच्या १८१८ च्या लढाईत लढलेल्या महारांना त्याच शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी सैन्यभरतीतून वगळले. पुढे १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली ती बाबासाहेबांच्या खटपटीनंतर. इंग्रजांच्या १८७८ च्या शस्त्रकायद्याने हिंदी माणसाला परवान्यावाचून हत्यार बाळगण्याची मनाई केली आणि युरोपियनांना मात्र त्यातून सूट दिली. म्हणजे गावात जातीने आणि कचेरीत कायद्याने, दोन्हीकडून आपला हात रिकामा ठेवला गेला. आज अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे १९९५ चे नियम आहेत. जीवित व मालमत्तेच्या सुरक्षेसाठी आवश्यक वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना शस्त्रपरवाने द्यावेत, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. किती जणांना ते माहीत आहे?

धम्म याच्या आड येतो काय? माझ्या मते मुळीच येत नाही. वैशालीचा सेनापती सिंह तथागतांचा उपासक झाला, पण तथागतांनी त्याला सेनापतिपद सोडायला सांगितले नाही. अंगुत्तर निकायात उपासकाने करू नयेत असे पाच व्यापार सांगितले आहेत: शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. निषेध आहे तो शस्त्रे विकून पोट भरण्याचा. घराच्या रक्षणासाठी शस्त्र ठेवणाऱ्याला तिथे दोष दिलेला नाही.

आता दुसरा प्रश्न. येथे बाबासाहेबांनी आपल्या हाती एक नेमका निकष ठेवला आहे. १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात अहिंसेचा विचार करताना त्यांनी मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा असा भेद केला आहे. जिथे गरज नाही, केवळ इच्छाच आहे, ते मारणे तथागतांना अमान्य होते. यज्ञात पशू मारणे हे त्याचेच उदाहरण. मामींनी हा ग्रंथ वाचलेला नाही, त्यांना वाचता येत नाही. पण डुक्कर आणि तितर यांत त्यांनी केलेला भेद हा तोच भेद आहे. मौजेच्या शिकारीला गरजेचा आधार कधीच नसतो. तिच्यात मारण्याची हौस तेवढी असते, आणि पाहुण्यासाठी केली म्हणजे ती दोघांची हौस होते. (१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती गुन्हाही आहे, पण कायदा नसता तरी माझे मत हेच राहिले असते.)

खानदेशात परदेशी माणसाला शिकार दाखविण्याची रीत नवी नाही. १८२५ साली भिल्ल पलटण उभारायला धरणगावला आलेल्या औट्रॅमच्या शिकारीत दहा वर्षांत १९१ वाघ मारले गेले, असे नोंदलेले आहे. साहेबाचा तळ पडला की सामान वाहणे, वाट दाखविणे, रान उठविणे ही कामे महाराकडे आणि भिल्लाकडे येत. ती वतनाची आणि वेठीची कामे होती. नाही म्हणण्याची सोय नव्हती. मामांचे आजोबा हाक्याला जात. डबे वाजवीत काट्याकुट्यांतून वाघापुढे चालायचे ते यांनी, मचाणावर बसून बार काढायचा तो साहेबाने. कनिष्ठ गावकामगारांची ही वतने नष्ट करणारा कायदा झाला तो १९५८ साली, म्हणजे नागपूरच्या दीक्षेनंतर दोन वर्षांनी.

आणि ते पाहुणे जे पाहून आले ती अजिंठ्याची लेणी तरी इंग्रजांना कशी सापडली? २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाचा एक लष्करी अधिकारी वाघाच्या शिकारीला आला होता. वाघूरच्या दरीत त्याला लेण्याची कमान दिसली. दहाव्या लेण्यात शिरून त्याने एका खांबावरच्या चित्रावर आपले नाव आणि तारीख कोरली. ती अक्षरे आजही पुसटशी दिसतात. त्याच लेण्याच्या भिंतीवर दोन जातककथा रंगविलेल्या आहेत. एक छद्दंताची, ज्यात शिकारी सहा दातांच्या हत्तीला त्याच्या दातांसाठी मारतो. दुसरी श्यामाची, ज्यात आंधळ्या आईबापांसाठी पाणी भरायला आलेल्या मुलाला मृगयेला निघालेल्या राजाचा बाण लागतो. बंदूक घेऊन आलेल्या त्या माणसाला भिंतीवर काय लिहिले आहे ते सांगणारा कोणी नव्हता. ज्यांचा तो वारसा होता त्यांनाही त्या काळी तो ठाऊक नव्हता. आज मात्र तो आपल्याला ठाऊक आहे.

मामांचे म्हणणे मी टाकून देत नाही. ते मला म्हणाले, "आजोबांनी डबे वाजवले. मी बंदूक धरली. पाहुण्याला ते दाखवावंसं वाटलं, यात पाप काय?" दाखविण्यात पाप नाहीच. बंदुकीचा परवाना दाखवावा, सैन्यातली पदके दाखवावीत, हातात अजून किती नेम आहे तेही नेमबाजीच्या मैदानावर दाखवावे. कोल्हापूरकडच्या एका खेड्यातल्या स्वप्नील कुसाळे या रेल्वेतील नोकरदार तरुणाने २०२४ साली पॅरिसला रायफलच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळविले. त्यात एकही जीव गेला नाही. कागदाला भोके पडली तेवढीच. माझी तक्रार एवढीच आहे, की मोठेपणा दाखवायचा म्हटल्यावर आपल्याला साहेबाचे मचाणच का आठवावे? हाक्यातून सुटलो ते वर चढून बसण्यासाठी काय?

हे सारे मी मामांना पुढच्या पौर्णिमेला विहारात सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, "तुझं बरोबर असेल, मास्तर. पण बंदूक मी देणार नाही."

"देऊ नका," मी म्हणालो.

परवान्याच्या नूतनीकरणाचे कागद त्यांच्या पिशवीतच होते. अर्ज भरायला त्यांनी मला सांगितले. कारणाच्या रकान्यात काय लिहायचे, असे मी विचारले. मामांनी थोडा वेळ मामींकडे पाहिले आणि मग म्हणाले, "घराचं आणि पिकाचं रक्षण. तेवढंच लिही."