छप्पर नसलेली वेदी

श्वास सावकाश होऊ द्या आणि मनाने बीजिंगच्या दक्षिण भागात चला. हे तिआनतान, स्वर्गाचं मंदिर. मिंग सम्राट योंगलेने ते १४२० साली पूर्ण केलं. आवाराच्या भिंती पाहा: उत्तरेकडे गोलाई, दक्षिणेकडे काटकोन. आकाश गोल, पृथ्वी चौकोनी, ही जुनी समजूत इथे विटांत बांधली आहे.

वर्षातला सर्वांत लहान दिवस उगवायचा आहे, कडाक्याची थंडी आहे. सम्राटाचं तीन दिवसांचं व्रत झालं आहे: मांस नाही, मद्य नाही, गाणं-बजावणं नाही. आता तो उघड्या वेदीकडे निघाला आहे. तुम्हीही त्याच्या मागोमाग पांढऱ्या दगडाचे तीन टप्पे चढा. वर छप्पर नाही, मूर्ती नाही. मधोमध एकच गोल शिळा आहे, तिच्यावर उभे राहा. तिच्याभोवती ९ फरशा, त्याबाहेर १८, मग २७. नजर एकेका वर्तुळावरून बाहेर नेत राहा, नवव्या वर्तुळात ८१ फरशा येतात. त्यापुढे फक्त आकाश. एक शब्द हळूच उच्चारा. कठड्यांवरून परतणारा आवाज मोठा होऊन तुमच्याच कानी येतो.

ज्याच्यापुढे सारा देश वाकत असे, तो इथे गुडघे टेकत असे. हा विचार थोडा वेळ मनात राहू द्या.

मग उत्तरेकडे, ३६० मीटरच्या, हळूहळू चढत जाणाऱ्या उंच वाटेने चला. टोकाशी निळ्या कौलांचं तिहेरी छत दिसेल. चांगल्या पिकासाठी प्रार्थना करण्याचं ते दालन. आत २८ लाकडी खांब: मधले चार ऋतूंचे, बारा महिन्यांचे, उरलेले बारा दिवसाच्या चिनी प्रहरांचे. एका खांबाजवळ थांबा, मान वर करा. शेतकऱ्याचं अख्खं वर्ष डोक्यावर छत धरून उभं आहे. १८८९ मध्ये वीज पडून दालन जळालं. आज दिसतं ते त्यानंतर, जुन्याच घडणीवर उभारलेलं.

चित्रांत हे दालनच सगळीकडे झळकतं, पण मला ती उघडी वेदीच मोठी वाटते. १९१८ पासून हे आवार सर्वांसाठी खुलं आहे. कधी जाणं झालं तर दालनाकडे धावू नका. आधी वेदीवर जा, आणि मधल्या शिळेवर उभं राहण्यासाठी रांग असेल तर शांतपणे रांगेत थांबा.