मूळ न खोडता

माझं शिक्षण संस्कृतचं आणि काम वर्डप्रेसवर साइट बांधण्याचं. दोन्हीकडे एकच प्रश्न समोर येतो: जे आपण घडवलेलं नाही, पण ज्याच्या आधारावर आपलं सगळं चाललंय, ते बदलायचा आपल्याला अधिकार किती?

मागे एका वाचनालयाची साइट दुरुस्तीला आली होती. आधी काम केलेल्या कुणीतरी कवितांचं पान नीट दिसावं म्हणून थेट मूळ थीमच्या, म्हणजे साइटचं रूप ठरवणाऱ्या संचाच्या, फायलींतच बदल केले होते. थीमचं अपडेट आलं तेव्हा सगळ्या फायली नव्याने लिहिल्या गेल्या आणि ते बदल पुसले गेले. कविता डेटाबेसमध्ये सुखरूप होत्या. पण कडव्यांमधली जागा गेली आणि शीर्षकांतल्या वेलांट्या, रफार वरून छाटले गेले, कारण त्या थीममधली ओळीची उंची रोमन अक्षरांच्या मापाची होती. ‘अर्घ्य’मधला रफार नाहीसा झाल्यावर उरतं ते वाचवत नाही. ग्रंथपालबाई म्हणाल्या, “ताई, मजकूर तोच आहे म्हणता, पण मग तो वाचता का येत नाही?” रूप म्हणजे वरवरची गोष्ट असं मानणाऱ्यांनी या प्रश्नाचं उत्तर द्यावं.

अशा कामासाठी चाइल्ड थीम असते. एक वेगळं फोल्डर, त्यात स्टाइल डॉट सीएसएस ही फाइल, आणि तिच्या माथ्यावर पालक, म्हणजे मूळ, थीमच्या फोल्डरचं नाव. बस, एवढ्यावर थीम उभी राहते. जी टेम्प्लेट, म्हणजे पानाचा साचा, चाइल्ड थीमजवळ नाही ती पालकाकडून घेतली जाते. मी कवितांसाठी ‘सिंगल-कविता’ ही एक टेम्प्लेट लिहिली आणि शीर्षकांची उंची वाढवली. हेडर, फूटर, शोधाचं पान, सगळं मूळचंच राहिलं.

एखादी कविता उघडली की वर्डप्रेस आधी त्याच एका कवितेसाठी केलेली टेम्प्लेट शोधतं. ती नसेल तर सर्व कवितांची, मग कोणत्याही एका नोंदीसाठीची ‘सिंगल’, मग ‘सिंग्युलर’, आणि शेवटी ‘इंडेक्स’. प्रत्येक पायरीवर आधी मुलाचं, म्हणजे चाइल्ड थीमचं, फोल्डर बघायचं, मग पालकाचं. यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. मुलाकडे नुसती ‘सिंगल’ असेल आणि पालकाकडे खास ‘सिंगल-कविता’, तर पालकाचीच चालते. नवं म्हणून किंवा जवळचं म्हणून मान मिळत नाही. समोरच्या गोष्टीला जे नेमकं लागू पडतं त्याला मिळतो.

घरच्या आचारातही असंच दिसतं. आमच्या घरी गौरी खड्यांच्या. पाणवठ्यावरून खडे आणायचे, तोंडात पाणी धरून, न बोलता. वहिनीच्या माहेरी मुखवट्यांच्या उभ्या गौरी, साड्या नेसवलेल्या, दागिन्यांनी मढवलेल्या. पण आवाहन अनुराधावर, पूजन ज्येष्ठावर आणि विसर्जन मूळ नक्षत्रावर, हे दोन्ही घरी सारखंच. कुलाचार पूजेचं रूप ठरवतो, तिथी-नक्षत्राला हात लावत नाही. खड्यांच्या गौरी कमी दर्जाच्या असं आम्हांला कधी कुणी म्हटलेलं नाही.

म्हणून मूळ न खोडता केलेला बदल म्हणजे अवज्ञा, हे मला मान्य नाही. धर्मशास्त्रानेही हाच मार्ग धरला. मनुस्मृतीत नियोगाची, म्हणजे पतीऐवजी नेमलेल्या दुसऱ्या पुरुषाकडून अपत्य मिळवण्याची, वचनं आजही आहेत. ती कुणी पुसली नाहीत. नंतरच्या निबंधकारांनी कलिवर्ज्याची यादी पुढे ठेवली आणि नियोगासह अमुक गोष्टी या कलियुगात करायच्या नाहीत असं ठरवलं. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’च्या तिसऱ्या खंडात (१९४६) ही वर्ज्यं एकेक करून तपासली आहेत.

मात्र त्याच यादीत आणखी एक वर्ज्य आहे: समुद्रप्रवास करून आलेल्या द्विजाला प्रायश्चित्तानंतरही व्यवहारात घेणं. म्हणजे आधी परतीचं एक दार उघडं होतं, ते नव्या वचनाने बंद केलं. हा बदल कोणत्या काळजीपोटी झाला असेल ते असो. काळ पालटला तरी तो तसाच राहिला. १८८८मध्ये विलायतेला निघालेल्या मोहनदास गांधींना त्यांच्या जातीने मुंबईत बहिष्कृत केलं, ते याच धाकाच्या वातावरणात. बदल म्हटला की तो मोकळीक देणाराच असतो, ही समजूत भाबडी आहे.

टेम्प्लेटचंही तेच. पालकाची फाइल उचलून आपल्या फोल्डरात ठेवली की त्या दिवसापासून तिची वाढ थांबते. पालक पुढे एखादी चूक सुधारतो, एखादी सुरक्षेची फट बुजवतो. आपल्या प्रतीला त्याचा पत्ता नसतो. वर्डप्रेसवर दुकान चालवण्यासाठीच्या वूकॉमर्स या प्लगइनने यावर चांगली सोय केली आहे. तिथल्या टेम्प्लेटच्या माथ्यावर आवृत्तीचा क्रमांक असतो, आणि ‘स्टेटस’च्या पानावर आपण बदललेल्या टेम्प्लेटची यादी दिसते, जी जुनी झाली तिच्यापुढे तसा शेरा येतो. ती फाइल पुसायची की नव्याने जुळवायची, हा निर्णय आपलाच.

आचारधर्माला असं पान नाही. कुणाच्या तरी आजारपणात, कुणाच्या तरी अडचणीत एखादा अपवाद केला जातो, पुढच्या पिढीला तोच नियम वाटतो आणि त्याच्यापायी माणसं एकमेकांना तोडतात. माझ्या ‘सिंगल-कविता’च्या पहिल्या ओळीत मी तारीख आणि कारण लिहून ठेवलं आहे: रफार कापला जात होता म्हणून. मूळ थीमने उद्या देवनागरीची नीट सोय केली, तर माझ्यानंतर येणाऱ्याने माझे बदल बेलाशक काढून टाकावेत.

तुमच्या घरातही असा एखादा अपवाद नक्की असेल. तो करणारं माणूस हयात असेल तर या सणाला त्याच्याजवळ बसा, कारण विचारा आणि लिहून ठेवा.