पोरक्यांची वाटणी

आई-बापांना मृत्यू नेतो. लेकरांना पोरकं गाव करतं. मध्ये तेरा दिवस जातात.

तेराव्याची पंगत उठली तरी जवळचे पाहुणे उठत नाहीत. ओसरीवर चुलता, मामा, आत्याचे यजमान आणि गावातलं एखादं जाणतं माणूस बसतं. मग लेकरांचा विषय निघतो. थोरला चुलत्याकडे, कारण तो आता औतामागं चालू शकतो. मधला मामाकडे. धाकटी आज्जीजवळ, आज्जी आहे तोवर. यात दुष्ट कुणी नसतं. ज्याच्या त्याच्या घरी आधीच खाणारी तोंडं पुष्कळ, तरी आणखी एक ताट वाढायला तो तयार झालेला असतो. तीन घरांत तीन ताटं वाढतात आणि एका घराला कुलूप लागतं.

जमीन असली की पोरक्याला चुलते फार. नसली की मावशी एकच.

सातबाऱ्यावर लेकरांची नावं लागतात आणि पुढे ‘अ.पा.क.’ लिहून मोठ्या माणसाचं नाव येतं. अज्ञान पालन कर्ता. अज्ञानाची जमीन कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. एकरांची एवढी काळजी कायद्यानं घेतली. भावंडांचीही घेतली आहे, पण ते ओसरीवर कुणाला ठाऊक नसतं. त्याकडे नंतर येतो.

हे सगळं आमच्या वाशीकडचं. वाशी म्हटलं की मुंबईकराला खाडीपूल दिसतो. आमची वाशी धाराशिव जिल्ह्यातली, बालाघाटाच्या अंगावरची. सोयाबीन निघालं की या भागातली पुष्कळ घरं कोयत्यावर जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल आधीच घेऊन खर्ची पडलेली असते, त्यामुळे जायचं की नाही हा प्रश्न उरत नाही. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत लेकरं आज्जीजवळ राहतात, नाहीतर शाळेच्या हंगामी वसतिगृहात. नऊ-दहा वर्षांची बहीण धाकट्यांची वेणीफणी, डबा, ताप सगळं बघते. या लेकरांना पोरकं म्हणू नये, आई-बाप धडधाकट आहेत. पण पोरकेपणाचा सराव त्यांना दरसाल होतो.

पोरक्या मुलांवर मराठीत कादंबरी आहे का, असं कुणी विचारलं तर मी गो. नी. दांडेकरांच्या ‘मोगरा फुलला’कडे बोट दाखवतो. विचारणारा दचकतो. ती तर ज्ञानेश्वरांवरची! हो, तीच. चार भावंडं, आई-बाप गेलेले, गाव पाठमोरं. यापेक्षा जुनी आणि यापेक्षा खरी पोरक्यांची गोष्ट मराठीजवळ नाही. दांडेकर स्वतः शाळकरी वयात घर सोडून स्वातंत्र्याच्या चळवळीत शिरलेले, पुढे गाडगेबाबांच्या सहवासात राहिलेले. दारोदार फिरणाऱ्या पोराकडे गाव कसं बघतं, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

संतचरित्राला मूल मोठं होण्याची वाट पाहावी लागत नाही. कादंबरीला पाहावी लागते.

म्हणून या लेखापुरतं मी या चार भावंडांना माउली म्हणणार नाही. ती लेकरं होती. रूढ कालगणनेप्रमाणं निवृत्ती 1273 चा, ज्ञानदेव 1275 चा, सोपान 1277 चा, मुक्ता 1279 ची. थोरला धाकटीहून सहा वर्षांनी मोठा, बस्स. बाप विठ्ठलपंत, गोदाकाठच्या आपेगावचा, घराण्यात कुलकर्णीपण. त्यानं काशीत संन्यास घेतला, गुरूच्या सांगण्यावरून तो परत संसारात आला, आणि आळंदी गावानं घर वाळीत टाकलं. पुढे धर्मशास्त्र्यांनी देहांत प्रायश्चित्त सांगितलं. आई-बाप लेकरांना शुद्ध करून घेण्यासाठी मेले. गावाचं समाधान तेवढ्यानं झालं नाही. पोरांना पैठणला जाऊन शुद्धिपत्र आणायला सांगितलं गेलं.

गावाचा हिशेब लिहून ठेवणाऱ्या घरातली पोरं स्वतःच्या नावाचा एक कागद मागत फिरली.

आता कागद बदलला आहे. 2018 मध्ये महाराष्ट्रानं अनाथांना शिक्षणात आणि नोकरीत 1 टक्का आरक्षण दिलं. फार चांगलं केलं. त्यासाठी अनाथ प्रमाणपत्र काढावं लागतं. तेराव्या शतकात पोरक्यांना शुद्ध असल्याचा दाखला मागत होते, एकविसाव्यात पोरकं असल्याचा मागतात. दुसरा दाखला पहिल्यापेक्षा शंभर पटींनी बरा. रांगेत मात्र दोन्ही वेळा पोरालाच उभं राहावं लागतं.

या चौघांचे चमत्कार महाराष्ट्राला पाठ आहेत. रेडा, भिंत, मांडे. 1940 साली ‘प्रभात’नं ‘संत ज्ञानेश्वर’ काढला आणि पडद्यावरही लोकांनी हेच पाहिलं. माझ्या यादीत पहिला चमत्कार निराळा आहे. चौघं एकत्र राहिली.

कुणी निवृत्तीला आपेगावच्या भाऊबंदांकडे धाडलं नाही. मुक्तेला कुणी सून म्हणून उचललं नाही. का? माणसं थोर होती म्हणून नव्हे. ती लेकरं कुणालाच नको होती. वाळीत टाकलेल्या घरातलं मूल घरात घेणार कोण? नात्याच्या मायेनं जे घर मोडलं असतं, ते बहिष्कारानं शाबूत ठेवलं. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण त्याला इलाज नाही. माया वाटणी करते. तिरस्काराला वाटणीची गरज पडत नाही.

म्हणून बहिष्काराचे आभार मानायचे असं नाही. मांड्यांच्या गोष्टीतून ज्ञानदेवांच्या पाठीवरची आग क्षणभर काढून ठेवा. मागे उरतं ते एवढंच, की एका मुलीला भावांसाठी मांडे करायचे होते, त्याला खापर हवं होतं, आणि या भावंडांना छळणाऱ्या विसोबाच्या धाकानं कुंभारांनी ते दिलं नाही. भाऊ आपल्या पाठीचा तवा करतो, हा त्या गोष्टीतला चमत्कार. पण पोरीनं मागितलेलं खापर गाव देत नाही, याला चमत्कार लागत नाही. ते कुठंही घडतं. पुढे हाच विसोबा त्यांना शरण गेला आणि नामदेवांचा गुरू झाला, असं परंपरा सांगते. छळणाऱ्याला संत होण्याची सवलत मिळते. छळलेल्याला आधी संत व्हावं लागतं, मग त्याचा छळ झाला असं लोक मानतात.

दुसरा कुंभार आमच्याच जिल्ह्यातला. तेरचे गोरोबाकाका. लोककथेत संतमंडळी जमलेली आहे, मुक्ताबाई कोपऱ्यातल्या थापटीकडे बोट दाखवून हे काय म्हणून विचारते आणि गोरोबा त्याच थापटीनं एकेकाचं डोकं थापटून पाहतात. नामदेवांचं मडकं कच्चं निघतं. लोक हसतात ते नामदेवांच्या रागावर. मला या गोष्टीत त्या मुलीचं बसणं मोठं वाटतं. आळंदीच्या कुंभारानं जिला खापर नाकारलं, ती तेरच्या कुंभाराच्या घरी बसून मोठ्या माणसांना प्रश्न विचारते आहे, आणि कुणी तिला गप्प बस म्हणत नाही. पोरक्या मुलाला पाहुणचार पुष्कळ मिळतो. प्रश्न विचारायची मुभा मिळाली, तर ते घर आपलं.

घरातला थोरला बाप होतो, ही रीत. निवृत्ती त्यातून सुटला. त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीच्या वाटेवर वाघ आडवा आला, कुटुंब पांगलं, पोर हरवलं आणि गहिनीनाथांकडे पोहोचलं. हरवलेला मुलगा परतला तो गुरू होऊनच. बापाची जागा भरायचं त्याचं वय नव्हतं. गुरूला वय लागत नाही. दोनच वर्षांनी मोठ्या भावापुढं ज्ञानदेव नेवाशाला 1290 मध्ये गीता मराठीत सांगायला बसला, आणि ओवीओवीत त्याच भावाचं ऋण सांगत राहिला. थोरल्याचं एवढं मोठेपण एवढ्या मोकळेपणानं दुसऱ्या कुण्या धाकट्यानं मराठीत गायलेलं नाही.

आणि धाकटी. लोकांच्या बोलण्यानं दुखावलेला ज्ञानदेव ताटी लावून आत बसला, तेव्हा बाहेर उभी राहून त्याची समजूत काढणारी. ताटीचे अभंग म्हणून ते बोलणं आपल्याजवळ आहे. त्यात आईचा आवाज आहे असं म्हणतात. मला तसं वाटत नाही. आई दार उघड म्हणेल आणि रडेल. ही रागावते, शिकवते, भावाला त्याच्याच शिकवणीची आठवण देते. आई नसलेल्या घरात मुलगी आईची नक्कल करत नाही. ती काहीतरी तिसरंच होते, आणि त्याला आपल्याकडे नाव नाही.

सोपानाचं काय? भावंडांत एक जण असा असतोच, ज्याची गोष्ट कुणी सांगत नाही. तो रुसत नाही, हरवत नाही, भिंत चालवत नाही. सांगितलेलं ऐकतो आणि बरोबर चालतो. त्याच्या नावावर ‘सोपानदेवी’ ही गीतेवरची टीका आहे, ती उघडणारे थोडे. कुण्या नव्या कादंबरीकाराला विषय हवा असेल, तर या मुलाच्या डोळ्यांनी आळंदी ते पैठण ही वाट लिहून पाहावी.

आता पुन्हा आमच्याकडं येतो. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट धाराशिव जिल्ह्यात अजून कुणी विसरलेलं नाही. आदल्या दिवशी गणपती बोळवलेले. 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. हा भूकंप जिच्या नावानं ओळखतात ती किल्लारी लातूरची, पण उमरगा-लोहाऱ्याकडची आमची गावंही तशीच बसली. दगडमातीची जाडजूड घरं झोपलेल्यांच्या अंगावर आली. त्या वेळी पोरक्यांची वाटणी करायला ओसरीच उरली नव्हती. चुलता गेलेला, मामाही गेलेला. मग परके पुढं आले. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेनं सुमारे 1200 मुलं पुण्याला शिकायला नेली. पन्नालाल सुराणा आणि सेवा दलाच्या मंडळींनी नळदुर्गजवळ पोरक्या मुलांसाठी ‘आपलं घर’ उभं केलं. रक्ताचं कुणी उरलं नाही की परक्याची ओळख पटते. त्याआधी ती पटवून घ्यायची आपल्याला सवय नाही.

कायद्याचं सांगायचं राहिलं होतं. 2015 च्या बालन्याय कायद्यात, मूल दुसऱ्या कुटुंबात सांभाळायला देताना भावंडं एकत्र ठेवण्याचे सर्व प्रयत्न करावेत असं लिहिलं आहे. त्यांच्याच हिताला बाधा येत असेल तर गोष्ट वेगळी. हा नियम सरकारी व्यवस्थेपुरता आहे. चुलता-मामांना तो बांधत नाही. पण तेराव्याला ओसरीवर बसणाऱ्यांपैकी एकानं तरी तो मोठ्यानं बोलून दाखवावा. लेकरांना आत न धाडता समोर बसवावं, आणि थोरल्याला एकदा विचारावं, तुम्हा तिघांना एकत्र राहायचं असेल तर आम्ही काय करू? दर महिन्याचं धान्य तीन घरांतून एका घरी पोहोचवणं अवघड नसतं. तीन लेकरं तीन घरी पोहोचवण्यापेक्षा तर सोपंच.

पुढे आळंदीच्या त्या चौघांच्याही वाटा फुटल्या. 1296 मध्ये ज्ञानदेवानं आळंदीला समाधी घेतली, आणि वर्षाच्या आत बाकीचे तिघं गेले. सोपान सासवडला, मुक्ता तापीकाठी, निवृत्ती त्र्यंबकेश्वरला. जगायला एकत्र असलेली भावंडं मातीत चार ठिकाणी आहेत. मुक्ताबाईची पालखी दरवर्षी महिनाभर चालते. वाटेत बीडला आजोबांच्या, गोविंदपंतांच्या समाधीशी थांबते आणि मग आमच्या बाजूनं पारगाव, भूम करत पंढरपूरकडे जाते. आषाढी एकादशीच्या आधी वाखरीला मानाच्या सात पालख्या एकत्र येतात. त्या सातांतल्या चार या एका घरातल्या लेकरांच्या आहेत.