कंप आणि स्मरण

कुंभकोणमहून मयिलाडुतुरैकडे जाणाऱ्या रस्त्यावर तिरुभुवनम् हे गाव लागते. रेशमी साड्यांच्या मागांमुळे ते प्रसिद्ध असले, तरी त्याची जुनी ओळख तिसऱ्या कुलोत्तुंग चोळाने बांधविलेल्या शिवमंदिराची आहे. येथील देवाचे नाव कंपहरेश्वर. ब्रह्महत्येच्या भयाने ग्रासलेल्या एका राजाचा कंप या देवाने हरण केला, अशी तेथील श्रद्धा आहे. या नावापाशी एक प्रश्न उभा राहतो. वार्धक्याने कापणारा आजीचा हात ज्या नातवंडांनी प्रेमाने धरला, त्यांना तो हात न कापणारा असा कधी आठवतो काय?

दीर्घायुषी आजी निवर्तली म्हणजे घरात आठवणी निघतात. ती प्रेमळ होती, सोशिक होती, सर्वांना वाढून मग जेवत असे. यात खोटे काही नसते. परंतु तिच्या आयुष्याचा मोठा भाग नातवंडांच्या जन्मापूर्वीच सरलेला असतो. ‘आजी’ हे एका नात्याचे नाव आहे, एका आयुष्याचे नव्हे. इतिहासाची निवड याच्या उलट, पण तितकीच एकांगी असते. सईबाई १६५९ मध्ये वारल्या, तेव्हा संभाजीराजे दोन वर्षांचे होते. त्यांचा सांभाळ जिजाबाईंनी केला. राज्याभिषेकानंतर थोड्याच दिवसांनी, १६७४ मध्ये, जिजाबाई निवर्तल्या. लोकमानसात त्या शिवरायांच्या माता म्हणून राहिल्या. पोरक्या नातवासाठी वेचलेली पंधरा वर्षे मागे पडली. घराची असो वा इतिहासाची, स्मृती आपल्या गरजेपुरतेच ठेवून घेते.

जिजाबाईंचे सावत्र पुत्र व्यंकोजीराजे यांनी तंजावरात स्थापिलेले राज्य १८५५ पर्यंत टिकले. त्या राजवंशाची कथा १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या मंदिरात मराठीतून कोरली गेली. राज्य गेल्यावर त्या मुलखातील मराठी घरांत भाषा उरली ती मुख्यतः जिभेवर. रस्त्यावर तमिळ आणि माजघरात मराठी. अशा घरातील आजी गेली की भाषाच गेली, असे नातवंडांना वाटते. तो शोक खरा असतो. तथापि वारसा जपावा म्हणून ती मराठी बोलत नव्हती. त्या भाषेत ती रागावली, तिने हिशेब केले, काही गोष्टी बोलण्याचे टाळलेही. तिला भाषेचे संग्रहालय करणे म्हणजे तिला अर्धे विसरणेच होय.

स्मरणाला मर्यादा असते, हे परंपरेने ओळखले आहे. श्राद्धात तीन पिढ्यांचा नामोच्चार होतो. त्यापलीकडची नावे घेतली जात नाहीत. त्या उच्चारात आजी रुद्ररूपा असते. सोशिकतेच्या स्तुतीत हे रूप कोठेच बसत नाही! म्हणून विसरणे हा दोष नव्हे. आपल्या सोयीची आजी घडवून तीच खरी मानणे, हा दोष होय.

मग तिचे सारे आयुष्य धुंडाळून काढावे काय? तसेही नाही. काही गोष्टी स्वतःपाशी ठेवण्याचा अधिकार प्रत्येकाला असतो, आणि नात्याने तो संपत नाही. ती आहे तोवर तिला विचारावे. तिने सांगितले नाही तर आग्रह धरू नये. आणि उरलेली रिकामी जागा सद्गुणांनी भरून टाकू नये. जे कळले नाही त्याचाही आदर राखणे, हे प्रेमाचे कठीण अंग आहे.

तिरुभुवनमच्या देवाने राजाचा कंप हरण केला. नातवंडांच्या अंगी ते सामर्थ्य नाही. त्यांच्या आठवणीत तो हात कापतच राहणार. तो एके काळी स्थिर होता, आणि तेव्हा तो त्यांच्यासाठी नव्हता, एवढे मान्य करणे मात्र त्यांच्या स्वाधीन आहे.