दुसरी नोकरी पाहणाऱ्यानें धन्यास सांगावें काय?

एका ठिकाणीं नोकरीवर असतां मनुष्यानें दुसरीकडे अर्ज केला, तर तें आपल्या धन्यास कळविणें हें त्याचें कर्तव्य आहे काय? प्रश्न लहान दिसतो; परंतु त्याच्या एका बाजूस प्रामाणिकपणा व दुसऱ्या बाजूस लेंकरांची भाकर असल्यामुळें त्याचें उत्तर घाईनें देणें बरें नव्हे.

कित्येक म्हणतात कीं, ज्याचें मीठ खाल्लें त्याच्यापासून कांहीं लपवूं नये. दुसरे म्हणतात कीं, अर्ज करणें म्हणजे नोकरी मिळणें नव्हे. पुष्कळ अर्जांचें उत्तरहि येत नाहीं. आधींच सांगितलें आणि धन्यानें रागावून दुसरा मनुष्य ठेवला, तर नवी नाहीं व जुनीहि नाहीं अशी गति होते, आणि तिचें दुःख घरच्या बायकामुलांस भोगावें लागतें. दोन्ही म्हणण्यांत सत्याचा अंश आहे, म्हणून आपण क्रमानें विचार करूं.

प्रथम हें पाहावें कीं, नोकर आपले श्रम व वेळ देतो, आपला जन्म देत नाहीं. सन १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या २७ व्या कलमानें, कोणास कायदेशीर धंदा करण्याची बंदी घालणारा करार, थोडे अपवाद सोडल्यास, त्या बंदीपुरता व्यर्थ ठरविला आहे. तेव्हां अधिक चांगलें काम शोधणें ही कृतघ्नता नव्हे. मात्र तें शोधणें धन्याच्या वेळांत व धन्याच्या कागदावर होऊं नये.

दुसरें, न सांगणें आणि खोटें सांगणें यांत भेद आहे. जर्मन तत्त्ववेत्ता कांट यानें सन १७९७ त एका निबंधांत असें प्रतिपादिलें कीं, खून करूं पाहणारा दारीं येऊन विचारील तरी त्याच्याशींहि लबाड बोलूं नये. इतक्या कडक मनुष्यानेंहि सन १७६६ त आपला स्नेही मेंडेल्सझोन यास लिहिलें कीं, आपणांस खरें वाटतें तें सर्व बोलण्याचें धैर्य आपणांस होणार नाहीं, परंतु जें खरें वाटत नाहीं तें आपण कधीं बोलणार नाहीं. यास्तव अर्ज मनांत ठेवणें हें असत्य नव्हे. पण मुलाखतीस जाण्यासाठीं आईचें दुखणें रचून रजा मागणें हें असत्यच होय. “माझें स्वतःचें काम आहे,” एवढें म्हणणें पुरे. धन्यानें उघड विचारलें तर म्हणावें, “याविषयीं आज बोलण्याची माझी इच्छा नाहीं, परंतु जाण्याचें ठरलें तर आपणांस पुरती मुदत देऊन जाईन.” अशा उत्तरावरून धनी काय तें ओळखील, हें खरें. खोटें न बोलण्याची ही किंमत आहे, आणि ती कधीं कधीं द्यावी लागते.

तिसरें, कांहीं प्रसंगीं मात्र सांगणेंच प्राप्त आहे. जेथें नियम आहे तेथें प्रश्नच उरत नाहीं. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेस बसणाऱ्या सरकारी नोकरानें आपण अर्ज केल्याचें कचेरीच्या प्रमुखास लेखी कळविलें पाहिजे. महाराष्ट्रांतील खासगी शाळांच्या सन १९८१ च्या नियमांप्रमाणें कायम शिक्षकानें ३ महिन्यांची व कायम नसलेल्यानें १ महिन्याची सूचना देऊन नोकरी सोडावी असें आहे. या दुसऱ्या नियमाचें मर्म पाहा: तो अर्जाच्या दिवशीं कांहीं मागत नाहीं, जाण्याच्या वेळीं मागतो, कारण वर्गांतील मुलें मध्येंच उघडीं पडूं नयेत.

आणि जेथें नियम नाहीं तेथें मनुष्यानें स्वतःस असें विचारावें: माझ्या मौनावर विसंबून धनी आपलें नुकसान करून घेत आहे काय? समजा, एका लहान दवाखान्यांत एकच परिचारिका आहे. तिच्या भरंवशावर डॉक्टर नवी खोली बांधूं लागला, किंवा आपल्या खर्चानें तिला पुढील शिक्षणास धाडूं लागला. पत्र येण्याची वाट ती पाहत असेल, तर आतां तिनें बोललें पाहिजे. काल जें मौन निर्दोष होतें तें आज फसवणूक झालें. मोठ्या कारखान्यांत, जेथें एकाच्या जागीं दुसरा आठवड्यांत उभा राहतो, तेथें असें ओझें सहसा नसतें.

शेवटीं एक शब्द धन्यांकरितां. आपल्यांतहि दुकानें, शेती व शाळा चालविणारे आहेत. ज्या नोकरानें विश्वासानें येऊन सांगितलें त्यास जर तुम्हीं त्याच आठवड्यांत काढिलें, तर बाकीचे सर्व लपविण्यास शिकतील, आणि मग त्यांस अप्रामाणिक म्हणण्याचा अधिकार तुम्हांस राहणार नाहीं. त्यास शिफारसपत्र द्या, त्याच्या जागीं येणाऱ्यास काम शिकविण्यास सांगा, व हिशेब चुकता करून त्यास निरोप द्या. मग पुढचा नोकर न विचारतां तुम्हांस येऊन सांगेल.