निदान, एका मुक्या रोग्याचे

‘निदान’ हा शब्द आपल्या भाषेत दोन घरी नांदतो. ‘डॉक्टरांना निदान झाले नाही’ असे म्हणताना तो वैद्याचा असतो. ‘दारी आलेल्याला निदान पाणी तरी द्या’ असे म्हणताना तो माणुसकीच्या शेवटच्या पायरीचा असतो, जिच्या खाली उतरू नये अशा पायरीचा. संस्कृतात आणखी मागे गेले, तर याच शब्दाला दोरीचा, जनावर बांधून ठेवण्याच्या दाव्याचा अर्थही सापडतो. रोगाचे मूळ कारण, कमीत कमी कर्तव्य आणि बांधलेपण असे तीन अर्थ एका शब्दात एकत्र आले आहेत. घरच्या काचेच्या टाकीतला मासा आजारी पडतो तेव्हा हे तिन्ही अर्थ एकदमच आपल्यापुढे उभे राहतात.

विषय क्षुल्लक वाटेल. माणसांच्या आजारपणाला औषध मिळत नाही तिथे माशाचे कौतुक कशाला, असे कुणी विचारील. पण लहान प्रश्नाचा एक फायदा असतो. त्याच्याभोवती नात्यांची, पैशांची, मानापमानाची गर्दी नसते, त्यामुळे मूळ प्रश्न स्वच्छ दिसतो. तो प्रश्न असा : जो बोलू शकत नाही त्याच्या दुःखाबद्दल आपण काय जाणू शकतो? आणि पुरते जाणत नसताना काही करण्याचा आपल्याला अधिकार किती?

नारिंगी अंगावर तीन पांढरे पट्टे असलेला क्लाऊनफिश, म्हणजे विदूषक मासा, २००३ साली आलेल्या ‘फाइंडिंग निमो’ या चित्रपटापासून मुलांचा ‘निमो’ झाला. हा खाऱ्या पाण्यातला, उष्ण समुद्रांतल्या प्रवाळांजवळचा जीव. समुद्रफुलाच्या, म्हणजे सी-ॲनिमोनच्या, विषारी बोटांमध्ये तो बिनधोक राहतो. आपल्याकडे अंदमानच्या समुद्रात तो आढळतो. बेळगाव, इंदूर किंवा हैदराबाद इथल्या दिवाणखान्यात त्याला ठेवायचे, तर पाकिटातले मीठ पाण्यात विरघळवून, विशिष्ट गुरुत्व १.०२५च्या आसपास राखून, घरातच एक समुद्र तयार करावा लागतो. तो समुद्र विजेवर चालतो आणि आपल्या आठवणीवर जगतो.

आपल्या जुन्या वैद्यकाने रोगी तपासण्याच्या तीन वाटा सांगितल्या : दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. पाहावे, हात लावावा, विचारावे. माशाच्या बाबतीत यांतली तिसरी वाट जन्मतःच बंद आहे. दुसरीही जवळजवळ बंदच, कारण त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर हेच त्याचे चिलखत असते आणि हाताळण्याने तेच निघते. राहिले फक्त दर्शन, आणि तेही काचेतून.

विचारण्याची वाट बंद असणे म्हणजे काय, हे दोन भाषांच्या सीमेवर राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. जन्मभर मराठीत दुखणे भोगलेली आजी कन्नड डॉक्टरांपुढे बसते तेव्हा मध्ये नातू उभा असतो. आजी म्हणते, ठणकतंय. कधी म्हणते कळ येते, कधी चमक मारते, कधी नुसतं सलतं. नातू या सगळ्याला एकच शब्द देतो, ‘नोवु’. कन्नडलाही दुखण्याच्या छटांचे शब्द आहेतच, पण नातवाजवळ ते नसतात. शिवाय ‘आजी, कधीपासून दुखतंय गं?’ याचे उत्तर ती देण्याआधीच तो स्वतः देऊन टाकतो. वाईट हेतूने नव्हे, मायेने. परंतु डॉक्टरांच्या कागदावर उतरते ते नातवाचे मत, आजीचे दुखणे नव्हे. माशापुढे उभे राहिलो की आपण सगळेच असे नातू होतो. फरक इतकाच, की आजी हात झटकून ‘तसं नव्हे रे’ म्हणू शकते.

मग नुसते पाहून काय कळते? पुष्कळ कळते, पण नीट पाहिले तर. हा मासा रात्री कोपऱ्यात किंवा पाण्याच्या पृष्ठभागाशी तिरका होऊन झोपतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो मेलाच असे वाटते. तो मुळातच डुलत डुलत पोहतो. मोठ्या माशापुढे धाकटा आडवा होऊन थरथरतो, ते आकडी आल्यासारखे दिसते. वास्तविक ती शरणागती असते. या माशांत आकाराप्रमाणे मानाची उतरंड ठरलेली असते. सर्वांत मोठी ती मादी, तिच्या खालोखाल तिचा नर. सगळेच आधी नर असतात, आणि मादी गेली तर तिचा नरच पुढे मादी होतो. हान्स आणि सिमोन फ्रिके यांनी हे १९७७ साली मांडले. म्हणजे ज्या थरथरण्याला आपण रोग समजतो, ते त्या घरातले थोरा-धाकट्याचे वळण असू शकते. निरोगीपण कसे दिसते हे ज्याने पाहून ठेवलेले नाही, त्याला रोग ओळखता यायचा नाही.

खरा रोगही एकमेकांचे मुखवटे घालून येतो. अंगावर मिठाच्या खड्यांएवढे पांढरे ठिपके दिसले, तर तो बहुधा क्रिप्टोकॅरिऑन नावाचा एकपेशीय परजीवी. पिठाची किंवा सोन्याची बारीक धूळ उडाल्यासारखे अंग दिसले, तर ॲमायलोडिनियम, ज्याला मत्स्यप्रेमी मखमल म्हणतात. हा पुष्कळदा आधी कल्ल्यांत शिरतो, आणि अंगावर धूळ दिसेपर्यंत मासा धापा टाकू लागलेला असतो. अंगावर दाट पांढरट चिकट थर येऊन त्याचे पापुद्रे सुटू लागले, तर ब्रुकलिनेला. १९७० साली नोंदला गेलेला हा परजीवी क्लाऊनफिशला इतका छळतो, की त्याचे नावच क्लाऊनफिशचा रोग असे पडले. तो माशाच्या अंगावरच दुभंगून वाढतो आणि एखाद-दोन दिवसांत खेळ संपवू शकतो. अन्न सोडणे, कोपरा धरणे, जोरजोरात श्वास घेणे ही लक्षणे मात्र तिन्हींत सारखीच. आणि यांतला एकही रोग नसताना, केवळ पाण्यात अमोनिया साठला तरीही ती तशीच दिसतात.

त्यातही पांढऱ्या ठिपक्यांची गंमत क्रूर आहे. काही दिवसांनी ठिपके आपोआप नाहीसे होतात. घरात आनंद होतो, दुकानातून आणलेल्या बाटलीचे गुण गायले जातात. प्रत्यक्षात परजीवी पोट भरून खाली उतरलेला असतो. टाकीच्या तळाशी कवच करून तो आत विभागत राहतो आणि पुढे शेकडोंनी बाहेर पडून पुन्हा मासा शोधतो. दुसरी लाट येते ती पहिल्यापेक्षा भारी असते. आपल्याला दिसेनासे झाले म्हणजे दुःख संपले, असे मानण्याची माणसाची खोड किती जुनी आहे! घरातला म्हातारा तक्रार करायचा थांबला की आपण म्हणतो, आता बरे आहे त्यांचे.

निदानाची साधने सांगताना आयुर्वेदाने उपशयही सांगितला आहे. रोग ओळखता येत नसेल, तर औषध किंवा आहार देऊन पाहावा आणि गुण येतो की नाही यावरून रोग ठरवावा. ही रीत शहाणपणाची आहे, पण तिच्यात एक गृहीत धरलेले असते : वैद्य शेजारी बसलेला आहे आणि रोगी सांगतो आहे. टाकीत हे दोन्ही नाही. तांबेयुक्त औषध मखमलीवर आणि पांढऱ्या ठिपक्यांवर चालते, ब्रुकलिनेलावर चालत नाही. तिथे फॉर्मॅलिनचे मोजूनमापून दिलेले स्नान लागते. उलट हेच तांबे टाकीतल्या कोळंबीचा, गोगलगायीचा, समुद्रफुलाचा जीव घेते, आणि तळातले चुनखडीचे दगड ते शोषून घेतात, त्यामुळे मात्राही हाती राहत नाही. एका माशासाठी घाईने ओतलेले झाकणभर औषध अख्ख्या मोहल्ल्याला विष ठरू शकते. ओतणाऱ्याला मात्र ‘काहीतरी केले’ याचे समाधान मिळते. पुष्कळदा ते औषध माशासाठी नसतेच. ते आपल्या अस्वस्थतेवरचे औषध असते.

मग काहीच करू नये, वाट पाहावी, हे धोरण नीतीचे ठरेल काय? तसेही नाही. ब्रुकलिनेला झालेल्या माशापुढे ‘आणखी चार दिवस पाहू’ म्हणणे हे त्याला मरणाच्या स्वाधीन करणे होय. घाई हे पाप आणि धीर हे पुण्य असा सोपा हिशोब इथे चालत नाही. खात्री मिळायची नसते. खात्रीशिवायच वागायचे असते. अशा वेळी नीती कृतीच्या क्रमात असते. आधी टॉर्च घेऊन पाहावे. कल्ले मिनिटाला किती वेळा उघडतात ते घड्याळ लावून मोजावे. मग पाणी तपासावे : अमोनिया, नायट्राइट, क्षारता, तापमान. मग साध्या वेगळ्या टाकीत, लपायला नळीचा एखादा तुकडा ठेवून, त्याला हलवावे. लक्षणांवरून एक रोग धरून त्यावर एकच औषध मोजून द्यावे, आणि दिलेले सारे लिहून ठेवावे. कुठे सूक्ष्मदर्शक मिळाला तर उत्तमच. आणि हे सगळे करतानाही ध्यानात असावे, की वेगळे काढणे हीसुद्धा एक इजा आहे. जोडी तुटते, उतरंड विस्कटते.

पाणी तपासणे आधी का? यातच या प्रश्नाचा नैतिक गाभा आहे. समुद्रातला मासा आजारी पडला तर त्याचे पाणी कुणी एकाने केलेले नसते. आपल्या टाकीतले पाणी आपण केलेले आहे. वैशाखात पाणी उडून जाते आणि मीठ मागे राहते, तेव्हा त्यात गोडे पाणी कुणी घालायचे? वीज गेली, पंप थांबला, की खाऱ्या पाण्यात आधीच कमी असलेला प्राणवायू आणखी घटतो, तेव्हा ती हवा कुणी द्यायची? नव्या टाकीत घाण पचवणारे जीवाणू रुजायला चार-सहा आठवडे लागतात. तेवढी कळ न काढता पहिल्या रविवारी मासे कुणी आणले? ज्याच्या हातात दावे आहे त्यानेच आधी स्वतःचा हात तपासायचा असतो. रोग्याकडे बोट दाखवण्यापूर्वी पाण्यात बोट बुडवावे.

कुणी म्हणेल, माशाला दुखते तरी का? २००३ साली लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशांच्या ओठांत दाहक द्रव्ये टोचून पाहिली. मासे डुलू लागले, काहींनी ओठ तळाच्या खड्यांवर घासले, खाणे लांबले. मॉर्फिन दिल्यावर हे वागणे कमी झाले. उलट ब्रायन की यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी असा आक्षेप घेतला, की माणसात वेदनेची जाणीव मेंदूच्या ज्या बाह्य आवरणात होते ते माशात नाहीच, म्हणून हे नुसते प्रतिक्षेप असू शकतात. वाद मिटलेला नाही. पण न्यायालयात संशयाचा फायदा आरोपीला मिळतो. इथे आरोपी कोण आणि फिर्यादी कोण, हे पाहिले की फायदा कुणाला द्यायचा हे ठरवायला शास्त्रज्ञांच्या एकमताची वाट पाहावी लागत नाही. दुखत नसेल आणि आपण जपले, तर आपले थोडे कष्ट फुकट जातील. दुखत असेल आणि आपण जपले नाही, तर ते कशानेही भरून येणार नाही.

शेवटी असाही दिवस येतो, की मासा वाचत नाही. तेव्हा त्याला नळाखाली सोडून देणे किंवा ‘आपोआप जाईल’ म्हणून टाकीवर कापड टाकणे ही पळवाट होय. लवंग तेलाची पुरेशी मात्रा पाण्यात घालून त्याला आधी गुंगीत आणि मग मरणात नेता येते. तो निर्णयही मालकाचाच. जन्म आपण दिला नाही, पण तो कुठे जगेल हे आपण ठरवले, म्हणून त्याच्या मरणापाशी थांबणे आपल्याकडे येते.

पर्क्युला या भाऊबंद जातीच्या माद्या समुद्रात तीस वर्षांपर्यंत जगू शकतात असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. मुलाच्या वाढदिवसाला हौसेने मासा आणणाऱ्याने हा आकडा दुकानातच आठवावा. समुद्रातून पकडलेल्यापेक्षा केंद्रात वाढवलेला मासा मागावा. आपल्या देशात क्लाऊनफिशची पैदास आता होते. आणि टाकीपुढे रोज पाच मिनिटे, काही बिघडलेले नसताना, नुसते पाहत बसण्याची तयारी नसेल तर रिकाम्या हाताने घरी यावे. दुसऱ्याचे दुखणे आपल्याला पुरते कधीच कळत नाही, मग तो मासा असो, परक्या भाषेच्या दवाखान्यात बसलेली आजी असो, की आपल्याच घरात गप्प झालेले कुणी असो. पण त्याच्या वतीने बोलण्याआधी त्याच्याकडे पाहणे, आणि त्याचे पाणी आपणच तर गढूळ केले नाही ना हे तपासणे, एवढे आपल्या हातात असते. निदान एवढे तरी.