होकार कोणाचा?

एच.आय.व्ही.ची लागण झालेल्या विवाहित स्त्रीने संततिनियमनाची साधने वापरावीत काय, या प्रश्नाचा निकाल सहसा दोन ठिकाणी लागतो. दवाखाना तिला म्हणतो, 'यापुढे मूल नको.' प्रवचनपीठ म्हणते, 'साधन नको.' जिच्या देहाचा आणि संसाराचा हा प्रश्न आहे, तिला विचारावयाचे मात्र राहून जाते.

आफ्रिकेतील नामिबिया देशातील एक खटला या संदर्भात मननीय आहे. एच.आय.व्ही.बाधित अशा तीन स्त्रियांवर तेथील सरकारी रुग्णालयांत नसबंदीची शस्त्रक्रिया झाली. कागदावर त्यांच्या सह्या होत्या. परंतु त्या प्रसूतिवेदना चालू असताना घेतलेल्या. शस्त्रक्रियेचा परिणाम काय, अन्य उपाय कोणते, हे त्यांना नीट समजावून दिलेले नव्हते. अशी सही म्हणजे संमती नव्हे, असा निर्वाळा २०१२ साली तेथील उच्च न्यायालयाने दिला व २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. केवळ आजारामुळे हे घडले, ही गोष्ट मात्र उच्च न्यायालयात सिद्ध झाली नाही.

'मूल नको' या सल्ल्यामागे एके काळी सार्थ भीती होती. उपचार नसल्यास बाधित मातेकडून शंभरातील १५ ते ४५ बालकांना लागण होते. योग्य उपचारांनी हे प्रमाण पाचाच्याही खाली आणता येते. नियमित औषधांनी रक्तातील विषाणू चाचणीत दिसेनासा झाला व तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. भारतात ही औषधे शासनाकडून २००४ सालापासून मोफत मिळू लागली. तेव्हा अशी स्त्री आई होऊ शकते. त्याचप्रमाणे प्रकृती, दारिद्र्य किंवा पदरी असलेली मुले यांचा विचार करून तिला आणखी मूल नको, असेही वाटू शकते.

येथे ख्रिस्तसभेची शिकवण काय आहे? पोप सहावे पॉल यांनी १९६८ सालच्या 'ह्युमाने व्हिते' या परिपत्रकात कृत्रिम संततिनियमन निषिद्ध ठरविले आणि गंभीर कारण असल्यास निसर्गक्रमाचा आधार घेण्यास मुभा दिली. २००१ साली दक्षिण आफ्रिकेच्या परिसरातील बिशपांनी निरोधच्या सरसकट प्रचाराला विरोध केला. मात्र पतिपत्नींपैकी एकच बाधित असेल, तर प्राणरक्षणाचा हक्क मान्य करून निर्णय त्या दांपत्याच्या सद्सद्विवेकबुद्धीवर सोपविला. २०१० साली पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी म्हटले, की काही प्रसंगी संसर्ग टाळण्याचा हेतू हे नैतिक जबाबदारीकडे टाकलेले पहिले पाऊल असू शकते. मूळ शिकवण बदललेली नाही, असा खुलासाही त्यानंतर व्हॅटिकनने केला. संसर्ग टाळणे व गर्भ टाळणे हे दोन हेतू नीतिशास्त्र वेगळे मानते. परंतु संसारात ते एकमेकांत गुंतलेले असतात.

'मग धर्मगुरूने काही सांगूच नये काय?' असे कोणी विचारील. अवश्य सांगावे, पण संपूर्ण सांगावे. सद्सद्विवेक म्हणजे मनाची लहर नव्हे. त्याला सत्याचे ज्ञान लागते. शिकवण काय व का, हे तिला कळले पाहिजे. वैद्यकशास्त्र आज काय सांगते, हेही कळले पाहिजे. आणि संयमाचा उपदेश केवळ तिलाच करून भागणार नाही. निसर्गक्रमाच्या मार्गाला पतीचे सहकार्य लागते. जो पती स्वतःची तपासणी करून घेत नाही, औषधे घेत नाही आणि पत्नीचा नकार ऐकत नाही, त्याच्या घरात संयम पाळण्याचा भार एकट्या तिच्यावर टाकणे हा अन्याय आहे. हे प्रवचनपीठावरून पुरुषांना सांगण्याचे धैर्य आम्हा धर्मगुरूंना हवे.

नाझरेथमध्ये गब्रिएल देवदूताने मरियेला देवाची योजना सांगितली. तिने शंका विचारली. देवदूताने तिला गप्प केले नाही, उत्तर दिले. आणि तिच्या होकारानंतरच तो निघून गेला. तारणकार्यासारख्या महान कार्यातही परमेश्वराने एका स्त्रीच्या जाणत्या होकाराची वाट पाहिली. आजारी स्त्रीच्या मातृत्वाविषयी बोलताना डॉक्टर, पती आणि धर्मगुरू या तिघांनीही तेवढा धीर धरावयास हवा.